बिनलग्नाच्या संसाराचा कागद

पेणहून दक्षिणेकडे निघालेला वाटसरू वडखळ मागे टाकून आंबा नदीकाठच्या नागोठण्यास पोहोचतो आणि तेथून रोह्याची वाट धरतो, तेव्हा आपण हिंदू धर्मशास्त्रातील एक सीमारेषा ओलांडली आहे, याची त्याला गंधवार्ताही नसते. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयाने असे ठरविले होते की, नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’स गुजरातेत, मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात जे प्राधान्य आहे, ते चौल व नागोठणे यांच्या दक्षिणेस नेता यावयाचे नाही, तेथून पुढे अंमल विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’चा. म्हणजे पेणच्या मिठागरावरचा आगरी आणि रोह्याच्या कुंडलिकाकाठचा कुणबी एकाच जिल्ह्यात राहून, आपापल्या नकळत, दोन निरनिराळ्या निबंधकारांचे आश्रित होते. ज्या प्रश्नाचा वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे, त्यात मात्र दोघांपुढची अडचण एकच होती. विवाहविधी झालेला नाही, अथवा झाला तो सरकारदरबारी मान्य नाही, अशा स्त्रीपुरुषांनी एका चुलीवर संसार मांडला, तर त्यांची एकमेकांना बांधिलकी कोणती, आणि वेळ आली असता ती शाबीत करावयाची कोणत्या कागदाने?

‘लिव्ह-इन’ हा शब्द आता तालुक्याच्या गावीही परका राहिलेला नाही. आणि तो कानी पडताच कोणी नव्या पिढीला दूषणे देतो, कोणी तिच्या धिटाईची वाखाणणी करतो. दोघांचाही समज असा की, ही गोष्ट काल-परवा उद्भवली. न्यायालयांची जुनी दप्तरे चाळणाऱ्यास निराळेच चित्र दिसते. गेल्या दीडशे वर्षांत कायद्याने अशा संसारातील मुलाची भाकर प्रथम मान्य केली, नंतर बाईची मान्य केली, मग बाईची काढून घेतली आणि अर्धशतकाने ती निराळ्या नावाने परत दिली. परंतु ज्या कागदावर त्या दोघांनी विसंबून राहावे, तो कागद मात्र त्याने कधीच पुरता उभा राहू दिला नाही.

खारेपाटातील आगरी, खाडीकिनारीचे कोळी, वरच्या अंगाचे कुणबी, डोंगरातील ठाकूर आणि कातकरी, अशा उत्तर कोकणातील बहुसंख्य ज्ञातींत विधवेचा पाट आणि नवरा-बायकोची फारकत या दोन्ही गोष्टी रूढीने चालत आलेल्या होत्या. पाट हाही विवाहच. पण त्याची पायरी खालची. तो रात्री लागावयाचा, वाजंत्रीशिवाय आणि सवाष्णींची दृष्ट चुकवून. नव्या लुगड्याने व हातभर बांगड्यांनी बाई दुसऱ्याची होई, आणि पहिल्या घरचा दागिना व बहुधा पहिल्या घरची मुलेही तेथेच ठेवून निघे. पहिला नवरा हयात असेल तर आधी सोडचिठ्ठी हवी. पंचांसमोर गवताची एक काडी मोडावी, नव्या नवऱ्याने जुन्याचा लग्नखर्च भरून द्यावा, आणि गाव साक्षीला असावे, एवढ्यावर काम भागे. मराठी राज्याच्या वसुलीत लग्नटक्याप्रमाणे पाटदाम नावाची बाब होती. तेव्हा सरकारचा आक्षेप तर दूरच, उलट त्या संबंधावर सरकारचा हिस्सा ठरलेला होता. लेखी करारनाम्याची निकड त्या व्यवस्थेत नव्हती, कारण पंच, पाटील आणि गोत हेच त्या काळचे दफ्तर होते.

हे दफ्तर बंद पडले ते कोणा सुधारकाच्या आंदोलनाने नव्हे, तर न्यायदानाच्या नव्या शिस्तीने. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाने कंपनीच्या मुन्सफांना सांगितले होते की, कायद्यात तरतूद नसेल तेथे देशरिवाज पाहावा. आणि त्याच वर्षी आर्थर स्टील याने दख्खनच्या ज्ञातींचे रिवाज एकत्र करून ग्रंथरूपाने सादर केले. प्रारंभीचे धोरण असे रिवाजाचा मान राखणारे होते. पुढे उच्च न्यायालय स्थापन झाले, इंडियन पिनल कोड आला, आणि नवरा हयात असता दुसरा करणे हा ४९४ कलमाखाली फौजदारी गुन्हा झाला. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, पंचांनी मोकळी केलेली बाई खरोखर मोकळी झाली काय? १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की, विवाह रद्द ठरविण्याचा अथवा बाईला दुसऱ्या लग्नाची मुभा देण्याचा ज्ञातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही.

या एका निवाड्याने गावोगावची किती बिऱ्हाडे पत्नीपदावरून खाली उतरली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. माझे अनुमान असे की, पंचांच्या शब्दाचा भाव उतरला तसा नवऱ्याच्या अंगठ्याचा भाव चढला. मोडलेल्या काडीऐवजी स्टँपाच्या कागदावरची सोडचिठ्ठी लोक जपून ठेवू लागले ते याच सुमारास. संभू रघूच्या निवाड्याच्या आदल्याच वर्षी राही विरुद्ध गोविंद या दाव्यात सोडचिठ्ठीवाचून लागलेल्या पाटाच्या संततीचा प्रश्न आला होता. शूद्र गणलेल्या ज्ञातींत दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत हिस्सा देण्याची शास्त्राची परंपरा होती. परंतु ही संतती परस्त्रीच्या ठायी झालेली, म्हणून हिस्सा नाही, असे न्यायालयाने ठरविले. पोटगी मात्र मान्य केली. आईबापांचा संबंध कायद्याने अमान्य केला, तरी त्या संबंधातून जन्मास आलेल्याचे पोट अमान्य करण्यापर्यंत न्यायाधीशांची मजल गेली नाही.

बाईची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि आजच्या वाचकास अधिक चकित करणारी आहे. प्राचीन शास्त्रकारांनी लग्नावाचून एका पुरुषाच्या आश्रयास राहिलेल्या, त्याच्याशी एकनिष्ठ असलेल्या स्त्रीस ‘अवरुद्ध स्त्री’ म्हटले आणि तिच्या निर्वाहाचा बोजा त्या पुरुषाच्या मिळकतीवर टाकला. इतका की, मिळकत बेवारस होऊन राजाकडे गेली, तरी राजानेही तिला अन्नवस्त्र द्यावे. १९२६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मुंबईहून गेलेल्या नागूबाई विरुद्ध मोंघीबाई या अपिलात हा हक्क मान्य केला, आणि अशी स्त्री घरच्या कुटुंबासमवेत एकाच वाड्यात राहत असली पाहिजे अशी अट नाही, हेही स्पष्ट केले. १९४५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे पूर्णपीठ आणखी पुढे गेले. अशा स्त्रीचा लग्नाचा नवरा हयात असला, म्हणजे तिचा संबंध व्यभिचाराचा ठरत असला, तरी मृत्यूपर्यंत ती त्या एकाच पुरुषाशी निष्ठेने राहिली असेल, तर त्याच्या इस्टेटीतून तिला पोटगी मिळाली पाहिजे, असा त्या पीठाचा निर्णय झाला. या हक्कासाठी कागद नको होता, विधी नको होता; सहवास उघड, दीर्घ आणि एकनिष्ठ होता एवढे शाबीत केले की पुरे. बाई वाऱ्यावर पडू नये ही शास्त्रकारांची दृष्टी, आणि सनातनी म्हणून ज्यांना आपण मोडीत काढतो त्या ग्रंथांचा हा दाखला, आधुनिकांनी विसरू नये इतका मोलाचा आहे. अर्थात, या औदार्यात पुरुषाच्या सोयीचा भाग मोठा होता हेही नाकबूल करता येत नाही.

मग करारनामा कोठे होता? तो होता, पण १८७२ च्या करार कायद्याच्या तेविसाव्या कलमाने त्याचे हातपाय बांधून ठेवले होते. ज्या कराराचा मोबदला अथवा हेतू अनीतीचा किंवा लोकनीतीच्या विरुद्ध आहे तो रद्दबातल, असे ते कलम सांगते. आणि ‘तू माझ्याजवळ राहा, मी तुला अमुक देईन’ हा मजकूर त्या काळच्या न्यायाधीशास सरळ अनीतीचा वाटे. यातून एक चमत्कारिक वाट निघाली. पुढच्या सहवासासाठी लिहिलेला कागद निकामी. पण जो सहवास घडून गेला, त्याची जाणीव ठेवून दिलेली देणगी तेवढ्यामुळे अवैध ठरत नाही, कारण तेथे गतकाल हा मोबदला नसून केवळ प्रेरणा होय. आंध्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हेच तत्त्व सांगितले, आणि त्याच श्वासात ती बक्षीसपत्रे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची असल्यामुळे टिकत नाहीत असे ठरवून बाईला रिकाम्या हाताने परत पाठविले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नट ली मार्विन याच्या खटल्यात, केवळ शरीरसंबंधाच्या मोबदल्यावर आधारलेला भाग वगळता अविवाहित जोडप्याचा करार अंमलात आणता येतो, असे म्हटले ते १९७६ मध्ये. आपल्याकडे तसा निर्विवाद निर्णय अद्यापि नाही.

त्याच १८७२ साली, करार कायद्याच्या महिनाभर आधी, धर्मविधीवाचून नोंदणीने लग्न करण्याचा पहिला कायदा झाला होता. त्यासाठी आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही असे लिहून द्यावे लागे, म्हणून तो फार थोड्यांच्या उपयोगी पडला. १९२३ च्या दुरुस्तीने ती अट हिंदूंपुरती सैल झाली. ज्यांचे बालपण रोह्यात गेले आणि ज्यांच्यावर रोहेकर आजही आपला हक्क सांगतात, त्या चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी असाच नोंदणी विवाह केला, आणि साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. ते विधुर, आणि दुर्गाबाई लहानपणी लावून दिलेल्या लग्नातून स्वतःच्या निश्चयाने बाहेर पडलेल्या. ज्याला मार्ग ठाऊक आहे आणि समाजात वजन आहे, त्याला कायद्याने दार उघडून दिले होते. खारेपाटातल्या बाईला त्या दाराचा पत्ता नव्हता.

तिच्यावर मोठा आघात झाला तो सुधारणेच्या हातून, हे लिहिताना लेखणी क्षणभर अडखळते. मुंबई इलाख्याने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्याविवाहास बंदी केली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. देशात या बाबतीत मुंबई आघाडीवर होती. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी याच्या प्रसिद्ध खटल्यात न्यायमूर्ती छगला व गजेंद्रगडकर यांनी ही बंदी घटनेशी सुसंगत ठरविली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती सर्व देशास लागू केली. उद्देश निःसंशय उदात्त होता. परंतु पुरुषाने दुसरी करणे थांबविले नाही; त्याने केवळ दुसरीचे नाव बदलले. काल जी धाकटी बायको होती ती आज कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हती. त्यात १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने आश्रितांची जी यादी केली, तीत अनौरस अज्ञान मुलांना जागा मिळाली, पण अवरुद्ध स्त्रीचे नाव गळाले. आणि जुन्या शास्त्राचे तद्विषयक नियम त्या कायद्यानेच निकालात काढले असल्याने, १९४५ मध्ये मिळविलेला हक्क पुरी बारा वर्षेही टिकला नाही.

१९६५ चा भाऊराव लोखंडे खटला या संक्रमणाचा अर्क आहे. पहिली पत्नी असता भाऊरावाने १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न लावले, आणि द्विभार्याविवाहाबद्दल त्याच्यावर फिर्याद झाली. साक्षीपुराव्यात आले ते असे की, होम झाला नव्हता, सप्तपदी झाली नव्हती; वधूवरांची कपाळे एकमेकांस टेकविली आणि लग्न झाले असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आवश्यक विधी झालेले नाहीत, अथवा हाच विधी पुरेसा आहे असा रिवाज शाबीत झालेला नाही. सबब हे लग्नच नव्हे. सबब गुन्हाही नव्हे. आरोपी सुटला. न्यायशास्त्राच्या दृष्टीने निवाडा तर्कशुद्ध आहे, त्यात मी दोष काढणार नाही. पण त्या दिवसापासून चतुर पुरुषाला एक युक्ती कळून चुकली: विधी जितका अपुरा, तितका तुरुंग दूर. ज्या बाईचे कपाळ टेकविले गेले, ती मात्र ना घरची राहिली ना दारची. १९८८ मध्ये यमुनाबाई आढाव खटल्यात उलट बाजूने तेच घडले. तेथे लग्न १९७४ मध्ये रीतसर झाले होते, परंतु पहिली पत्नी हयात होती. म्हणून ते शून्यवत्, म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली पोटगी नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. विधी अपुरा असला तरी बाई गेली, पुरा असला तरी बाईच गेली.

या पोकळीत कागद पुन्हा अवतरला. शेजारच्या गुजरातेत १९७०-८० च्या दशकांत शहरोशहरी ‘मैत्री करार’ होऊ लागले. विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री स्टँपाच्या कागदावर परस्परांची मैत्री, एकत्र निवास आणि निर्वाहाची हमी लिहून देत, आणि लग्न हा शब्द कटाक्षाने टाळीत. कागद करून देणाऱ्यांची चलती झाली, महिला संघटनांनी निषेध केला, आणि न्यायालयांनी असे करार लोकनीतीविरुद्ध म्हणून झिडकारले. त्या कागदात भाषा मैत्रीची असली, तरी हेतू द्विभार्येच्या गुन्ह्यातून सुटण्याचा होता. पुरुषाने काढविलेला कागद पुरुषाच्याच कामी येतो. हा धडा तेव्हाच घ्यावयास हवा होता.

पुढचे पाऊल विधिमंडळांकडून आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीस संरक्षण, निवास आणि निर्वाह मागण्याचा हक्क दिला. अवरुद्ध स्त्री पन्नास वर्षांनी पाठीमागच्या दाराने परत आली असे म्हटले तरी चालेल. २००८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वाजवी काळ एकत्र राहिलेल्या स्त्रीस १२५ कलमापुरते पत्नी मानावे अशा दुरुस्तीस मान्यता दिली, वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला, आणि केंद्राच्या संमतीअभावी तो प्रस्ताव तेथेच राहिला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहसदृश संबंधाची लक्षणे सांगितली: दोघे सज्ञान असावेत, लग्नास पात्र असावेत, समाजात पतिपत्नी म्हणून वावरत असावेत आणि पुरेसा काळ एकत्र राहिलेले असावेत. यातले ‘पात्र’ हे पद नीट वाचावे. पुरुषाची पहिली पत्नी हयात असली की बाई पुन्हा उंबरठ्याबाहेर. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्यास स्वतःच्या लबाडीचा फायदा घेता येणार नाही, एवढी सवलत न्यायालयाने दिली. मुलाच्या बाबतीत मात्र गाडी सरळ पुढे गेली: शून्यवत् विवाहाची संतती औरस मानावी हे कायद्यात आलेच होते, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आईबापांच्या वाट्यास येणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिचा हक्क मान्य केला.

आणि कागद? २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात बलात्काराच्या एका फिर्यादीत आरोपीने अटकपूर्व जामिनासाठी सात कलमांचा ‘लिव्ह-इन करार’ हजर केला. मुदत होती अकरा महिन्यांची, थेट घरभाड्याच्या कराराप्रमाणे! उभयतांनी एकमेकांविरुद्ध लैंगिक छळाची फिर्याद करू नये, आणि स्त्रीस दिवस गेल्यास जबाबदारी पुरुषावर नाही, अशी कलमे त्यात होती. सही आपली नाही असे फिर्यादीचे म्हणणे. जामीन मिळाला, करार मात्र त्यामुळे वैध ठरला असे नव्हे. मैत्री कराराचाच हा नातू. फसवणुकीने लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवणे हा नव्या न्यायसंहितेत स्वतंत्र गुन्हा झाला तो त्याच वर्षीच्या १ जुलैपासून, आणि असे कागद काढून घेण्यामागची निकड त्यावरून ध्यानात यावी. उत्तराखंडाने तर २०२५ च्या जानेवारीपासून अशा सहवासाची सरकारी नोंद सक्तीची केली आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली. दोन सज्ञान माणसांच्या बिऱ्हाडावर सरकारने असा पहारा बसवावा, हे मला अनुचित वाटते.

पेण-रोह्यात या साऱ्याची दोन टोके एकाच वेळी पाहावयास मिळतात. धाटावच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली आणि मुंबईच्या रेल्वेवर जाऊन-येऊन असलेली तरुण जोडपी एकीकडे. आणि डोंगराकडेच्या कातकरी वाड्यांतील जोडपी दुसरीकडे, जी लग्नखर्च जमेपर्यंत, कधी कधी मुले मोठी होईपर्यंत, विधीवाचूनच संसार करतात. त्यांच्याकडे करारनामा नसतो. असते ती मुकादमाकडून वीटभट्टीसाठी घेतलेली उचल, आणि ती जोडप्याच्या अंगावर. भट्टीमालक त्या दोघांना एक कामगार-जोडी म्हणून निःशंक ओळखतो. सरकारी कचेरीतला कारकून मात्र लग्नाचा दाखला मागतो. पहिल्या वर्गातील जोडपे घर भाड्याने घेते तेव्हा तो भाडेकरार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. म्हणजे त्या बिऱ्हाडातील सर्वांत भक्कम दस्तऐवज घरमालकाशी केलेला असतो, एकमेकांशी नव्हे. त्यात दोघांची नावे घातली, तर तोच कागद पुढे एकत्र निवासाचा पुरावा म्हणून उभा राहतो, आणि स्टँपावर नोटरीच्या शिक्क्याने लिहून घेतलेल्या प्रेमाच्या अटींपेक्षा तो दहापट उपयोगी आहे.

अशा संसारात असलेल्या, अथवा अशा जोडप्यास सल्ला देण्याचा प्रसंग येणाऱ्या वाचकास एवढेच सांगावेसे वाटते की, मुलाच्या जन्मनोंदीत बापाचे नाव पहिल्या दिवशीच लागावे, आणि मृत्युपत्राचा आळस करू नये. १९५६ च्या वारसा कायद्यातील वारसांच्या यादीत सहचर नाही. पंचवीस वर्षे एकत्र काढली तरी मृत्युपत्रावाचून गेलेल्या पुरुषाचे घर त्याच्या भावांकडे जाऊ शकते. स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र साध्या कागदावर होते. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, आणि करणाऱ्याची सही झालेली पाहणारे दोन साक्षीदार पुरतात.